मधली रेघ

उंतामोला नकाशावर तुटक रेघ काढायचा भारी तिटकारा.

खडकांचे नकाशे काढणाऱ्यांचा रिवाज साधा आहे. खडक डोळ्यांनी पाहिला, हाताने तपासला, की दोन खडकांच्या सीमेवर सलग रेघ ओढायची. जिथे वर माती आहे, दलदल आहे आणि खाली काय असेल याचा नुसता अंदाजच बांधायचा, तिथे तुटक रेघ. सगळं जग असंच करतं. उत्तरेकडच्या त्या मुलखात तर जिकडे बघावं तिकडे दलदल नाही तर शेवाळ, त्यामुळे नकाशाचा बराचसा भाग तुटकच असायचा आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावायचं नाही. पण उंतामोचं डोकंच वेगळं. तुटक रेघ काढली की आपल्याला कोणी तोंडावर कामचुकार म्हटलंय, असा त्याचा चेहरा व्हायचा.

"तुझ्या हातात असतं ना," त्याची बायको इर्मेली म्हणायची, "तर अख्खं फिनलंड सोलून वाळत घातलं असतंस."

"घातलं असतं. आणि तू वर बसून कॉफी प्यायली असतीस."

दोघंही भूगर्भशास्त्रज्ञ, दोघंही एकाच कचेरीत, आणि उन्हाळाभर जोडीने रानात. मूलबाळ नव्हतं. इर्मेलीचे आईवडील केव्हाच गेले होते, बहीणभाऊ कोणी नव्हतं. उंतामो हाच तिचा सगळा गोतावळा. हे ती बोलून दाखवायची नाही, पण त्याला यायला जरा उशीर झाला की तिचा जीव टांगणीला लागायचा आणि तो आला की ती त्याच्यावरच खेकसायची. तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा. त्याला कळायचं.

त्या उन्हाळ्यात ते हान्हीयार्वी या तळ्याकाठच्या गावी होते. तळ्याच्या दक्षिणेला तांब्याची जुनी खाण, तिच्यातलं तांबं आटत चाललेलं. काळ्या खडकाच्या एका पट्ट्याबरोबर हे तांबं सापडायचं. तो पट्टा तळ्याखालून पलीकडे, उत्तरेच्या जंगलात गेलाय का, एवढंच खाणवाल्यांना हवं होतं. बर्फ पडायच्या आत भोकं पाडायचं यंत्र येणार होतं, आणि ते कुठे उभं करायचं हे यांच्या नकाशावरून ठरणार होतं.

राहायला त्यांनी हिल्कामावशीकडची माडीवरची खोली घेतली होती. मावशी विधवा, दोन गाई, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी तिने दम भरला.

"पोरांनो, माझं जंगल उघडंनागडं टाकून जाऊ नका हं. शेवाळ काढलंत तर परत पांघरून ठेवा. गाईचा पाय घसरून मोडला तर दूध काय तुमच्या कचेरीतून आणू?"

"आणून देतो की," उंतामो म्हणाला. "तीन प्रतींत अर्ज करा."

"हा नवरा की वात्रट पोरगं गं?" मावशीने इर्मेलीला विचारलं. त्या दिवसापासून तिचं उंतामोशी मेतकूट जमलं.

त्यांच्या कामाची पद्धत ठरलेली होती. जंगलात दोन समांतर रेघा धरायच्या, मध्ये चांगलं अंतर ठेवून. पूर्वेची रेघ इर्मेलीची, पश्चिमेची उंतामोची. खडक दिसला की थांबायचं, शेवाळ सोलायचं, हातोड्याने मूठभर तुकडा फोडायचा, खडक कुठल्या जातीचा आणि कसा कललाय ते टिपायचं, शेवाळ परत अंथरायचं आणि पुढे जायचं. स्प्रूसच्या दाटीत माणसाची हाक पोचत नाही, झाडं ती पिऊन टाकतात. पण खडकावरचा हातोडा लांबवर ऐकू जातो. म्हणून दर थांब्यावर इर्मेलीने तीन ठोके द्यायचे आणि पलीकडून उंतामोने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा ठोकायचं. तरीही आलं नाही, तर आपली रेघ सोडायची आणि दुसऱ्याला शोधायला जायचं. हा नियम इर्मेलीनेच घातलेला. उंतामो त्याला 'लग्नाचा दाखला' म्हणायचा.

पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. अंगाला डास, पायाखाली चिखल, दलदलीतल्या झुडपांचा कापरासारखा वास. राखाडी, अभ्रकाने चकाकणारा खडक सगळीकडे होता. काळा खडक मात्र मधूनच डोकं वर काढायचा. त्याला हात लावला की शिसपेन्सिलीसारखी काजळी लागायची, आणि फोडला की विझवलेल्या काडीचा वास यायचा. त्याच्याजवळ होकायंत्राची सुई चुकायची. त्यात नवल काही नाही, त्या खडकात लोहचुंबकी कण असतात.

एके दिवशी दुपारचं खाणं खायला दोघं आपापल्या रेघा सोडून मध्ये भेटले. राय नावाच्या धान्याची काळी भाकरी, सॉसेज आणि थर्मासमधली कॉफी. बसायला जागा करावी म्हणून इर्मेलीने एका उंचवट्यावरचं शेवाळ ओढलं. जुनं, जाड शेवाळ होतं, मुळांनी विणलेलं. घोंगडी निघावी तसं ते एका तुकड्यात निघालं. खाली काळा खडक होता, आणि त्याच्या एका कोपऱ्याचा मूठभर भाग फोडून काढलेला होता.

ती जागा लखलखत होती. कुठे गंज नाही, माती नाही. वास अजून ताजा होता.

"उंतामो, हे बघ."

त्याने वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "थंडीने फुटला असेल."

"थंडीने फुटलेला तुकडा जागेवर तरी राहतो ना? याचा तुकडा कुठाय?"

"अस्वलाने नेला. तेही नकाशा काढतंय. त्याला खाणवाले जास्त पगार देतात."

ती हसली. पण शेवाळ उलटून तिने खालची बाजू पाहिली. मुळं अखंड होती. तिथे कोणी कधी हात घातला नव्हता. तिने नकाशावर पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलं, आणि त्या दिवसापासून दुपारच्या खाण्याला भेटले की ती मुद्दाम आसपासचं शेवाळ उचलून बघू लागली. असल्या फोडलेल्या जागा सापडत गेल्या. कधी काळ्या खडकात, तर कधी राखाडी खडकात. प्रत्येक ठिकाणी शेवाळ शाबूत, आणि खाली ताजी, स्वच्छ जखम. तुकडा कुठेच नाही.

शनिवारी सौनात वाफेची अंघोळ झाल्यावर, ओल्या केसांनी, मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर इर्मेलीने नकाशा पसरला. चुलीवर माशाचं सूप होतं. तिने टिंबांवर पट्टी ठेवली.

टिंबं पट्टीला लागून बसली. सगळी. त्यांच्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध एक तिसरी रेघ उभी राहिली.

"अंतर मोज," उंतामो हळूच म्हणाला.

तिने मोजलं. ते दोघं चालताना जेवढ्या अंतराने थांबत होते, तेवढ्याच अंतरावर टिंबं होती. त्यांच्या प्रत्येक थांब्याशेजारी एक थांबा.

उंतामोने पट्टी उचलून पुन्हा लावून पाहिली. मग म्हणाला, "नमुने घेतंय कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण? शेवाळाखालून?"

"मला काय माहीत! मी सांगितलंय का त्याला?"

"सूप निवतंय," मावशी ओरडली. "कागद उचला ते."

दोघांनी कागद उचलले. नवराबायको एकमेकांना ओळखून होते, आणि दोघांनाही तो विषय नको होता.

ऑगस्ट सरत आला, भूर्जाची पानं पिवळी पडायला लागली, आणि एका ओल्या मुळावरून घसरून उंतामोचा घोटा मुरगळला. मावशीने थंड पाण्याच्या पट्ट्या बांधल्या, वर चार शिव्या हासडल्या आणि त्याला पाय स्टुलावर ठेवून बटाटे सोलायला बसवलं.

"माझी रेघ थोडीच उरलीये," इर्मेली म्हणाली. "मी एकटी जाऊन संपवून येते."

"राहू दे गं. दोन दिवसांनी जाऊ."

"दोन दिवसांनी पाऊस लागेल. तू बटाटे सोल. कधी नव्हे ते उपयोगी पडतोयस."

सकाळ छान होती. वारा पडलेला, झाडांवर ऊन. इर्मेलीने पहिला खडक तपासला, टिपलं, आणि सवयीने तीन ठोके दिले. पश्चिमेकडून तीन ठोके आले. तिने शेवाळ पांघरलं आणि पुढे निघाली. 'चला, आहे' असं मनातल्या मनात रोजच्यासारखं म्हणूनही झालं.

चार पावलं गेल्यावर तिला आठवलं.

उंतामो घरी होता. त्याचा पाय स्टुलावर होता.

ती उभी राहिली. सुतारपक्षी असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, गावातलं कोणी लाकडं फोडत असेल. मग वाटलं, हा शहाणा लंगडत लंगडत मागून आला असेल, त्याला चांगला फैलावर घेते. तिने दोनदा हाका मारल्या. स्प्रूसच्या झाडांनी त्या पिऊन टाकल्या.

पुढच्या खडकापाशी ती हातोडा हातात घेऊन नुसती बसली. ठोकलं नाही. काम मुकाट्याने करायचं आणि मुकाट्याने निघायचं, असं तिने ठरवलं. तुकडा फोडायलाही तिला धीर होईना.

थोड्या वेळाने तीन ठोके आले. या खेपेला ते आधी आले होते. ते विचारत होते.

ती गप्प राहिली.

पुन्हा तीन ठोके. अगदी सावकाश, समजूतदारपणे. ऐकू गेलं नसेल तर म्हणून.

ती गप्प राहिली. मग जंगल शांत झालं, आणि त्या शांततेत इर्मेलीला आठवलं की दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर काय करायचं असतं. आपली रेघ सोडायची. दुसऱ्याला शोधायला जायचं. नियम तिचाच होता.

टक्, असा एक ठोका झाला. एकच, आणि तो पश्चिमेला नव्हता, अलीकडे होता. मग आणखी अलीकडे एक. कानाला ऐकू येण्याआधी तो बुटांच्या तळव्यांना कळत होता. पायाखालचा खडक बारीक थरथरायचा आणि थांबायचा. समोर झाडं होती, मोकळी जागा होती, लालसर बेरीची झुडपं होती, आणि चालणारं कोणी नव्हतं.

इर्मेलीने हातोडा उचलला आणि खडकावर तीन ठोके घातले. तिसरा ठोका निसटून बाजूला बसला.

येणं थांबलं. बऱ्याच वेळाने पश्चिमेकडून, आपल्या जागेवरून, तीन ठोके आले. समाधानाने दिल्यासारखे.

पुढचं सगळं अंतर तिने तसंच कापलं. दर थांब्यावर ठोकलं, दर वेळी उत्तर घेतलं. न ठोकण्याची छाती तिला झाली नाही. पाचावर धारण बसलेली, आणि तरी कचेरीतल्या सहकाऱ्याशी वागावं तसं ती त्याच्याशी नीट, वेळच्या वेळी वागत होती. खडीचा रस्ता लागला तशी ती पळत सुटली.

घरी उंतामो बटाट्यांच्या सालांत बसलेला होता. तिने त्याला दंडाला धरून चाचपलं, मग सगळं सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"म्हणजे मधली रेघ खरी आहे," तो म्हणाला.

"असू दे. आपलं काम संपलं. मधली सीमा तुटक काढू आणि उद्याच निघू."

"इर्मेली, यंत्र तिथेच उभं राहणार आहे. बरोबर त्याच पट्ट्यात. आपण तिथून सलग चाललोच नाही. नुसतं खायला बसलो."

"यंत्र खड्ड्यात जाऊ दे! नकाशा खड्ड्यात जाऊ दे! मला तू हवायस, रेघ नको." तिचा आवाज चिरकला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ते माझ्याकडे येत होतं, उंतामो. मला शोधायला येत होतं."

"बरं," तो म्हणाला. "बरं, रडू नकोस. तुटक तर तुटक."

त्याने तिचा हात धरला. पण तो नकाशाकडे बघत होता, आणि तिने ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा शेजारची गादी गार होती. खाली मावशी दूध गाळत होती.

"तो? तो गेला की मघाशीच. म्हणाला, इर्मेलीला झोपू दे, जेवणाच्या आत येतो. काठी घेऊन गेलाय माझ्या नवऱ्याची. हरवली तर बघा!"

इर्मेलीने बूट कसेबसे चढवले. हातोडा घेतला. गवताळ कुरण ओलांडून ती झाडांत शिरली आणि धावत पहिल्या खडकापाशी आली. तिने तीन ठोके दिले.

दोन उत्तरं आली.

एक पश्चिमेकडून, उंतामोच्या जुन्या रेघेवरून. दुसरं मधून. दोन्हीकडे तीन ठोके, दोन्हीकडे तोच लोखंडी आवाज.

"उंतामो!" ती किंचाळली. "उंतामो!"

काहीच नाही. झाडं नुसती उभी.

मधून येतंय तोच उंतामो, असं तिला आधी वाटलं. तो मधल्या रेघेसाठीच तर गेला होता. मग वाटलं, मधली रेघ तर त्याची आहे, त्या दुसऱ्याची. ती वेड्यासारखी दोन्हीकडे बघत राहिली. चुकून चालणार नव्हतं. एकीकडे तिचा माणूस होता.

मग तिला सुचलं. त्या दोघांची ओळख झाली होती ती एका उन्हाळ्यात, तळ्याकाठच्या लाकडी नाचघरात, हुंपाच्या नाचात. एक चाल होती, तिचा पूर्वार्ध बायकांनी टाचांनी वाजवायचा आणि उत्तरार्ध पुरुषांनी. घरात भांडण झालं की ती अजूनही टेबलावर बोटांनी पूर्वार्ध वाजवायची, आणि मग तो उत्तरार्ध.

तिने हातोड्याने पूर्वार्ध वाजवला.

पश्चिमेकडून लगेच उत्तरार्ध आला. स्वच्छ, ठसठशीत, शेवटच्या ठोक्यासकट.

मधून काहीच आलं नाही. थोड्या वेळाने नुसते तीन ठोके आले.

इर्मेली पश्चिमेकडे धावली.

तो एका दगडावर बसला होता. बूट काढलेला, घोटा सुजून टम्म. काठी शेजारी. तिला बघून त्याने दोन्ही हात पसरले आणि ती त्याच्या अंगावर कोसळली. आधी ती रडली, मग तिने त्याला गुद्दे मारले, मग पुन्हा रडली.

"गाढवा! गाढवा! म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस."

"मधल्या रेघेने गेलास?"

"निघालो होतो. पाय दुखला. मग इकडे आलो."

त्याचे हात काळे होते, मनगटापर्यंत. अंगाला विझलेल्या काडीचा वास येत होता. काळ्या खडकात काम केलं की येतोच. तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं निघाली. तो जड लागत होता. लंगड्या माणसाचं सगळं वजन आपल्यावर येतं, तेव्हा तसं लागणारच.

मागे, मधून, तीन ठोके आले.

"उत्तर देऊ नकोस," उंतामो म्हणाला.

"नाही दिलं तर ते येतं."

"येऊ दे."

पुन्हा तीन ठोके. ती थांबली नाही. त्याच्या हाताची पकड घट्ट होती आणि ती पकड तिला हवीशी वाटत होती. तो सापडला होता, बाकी जगाचं काही का होईना.

कुरणाच्या कडेला पोचले आणि जंगलातून पुन्हा आवाज आला. या वेळी तीन ठोके नव्हते.

उत्तरार्ध होता.

अडखळत, शोधत शोधत वाजवलेला. मध्येच थांबलेला, चुकलेला, पुन्हा पहिल्यापासून धरलेला. एखाद्याला बराच वेळ काहीच कळू नये आणि मग एकदम, अरेच्चा, हे होय, असं लक्षात यावं, तसा. आणि मग तो घाईघाईने पुन्हा वाजला. आणि पुन्हा.

इर्मेली वळून जंगलाकडे बघू लागली.

"आपलं ऐकून शिकलं ते," शेजारचा उंतामो म्हणाला. "नक्कल करतंय. चल."

ते पटण्यासारखं होतं. तसंच असणार. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तेच डोळे, हनुवटीवर तोच जुना व्रण, चार दिवसांची तीच दाढी.

"चल," तो पुन्हा म्हणाला. ती चालू लागली.

घरात कोणी नव्हतं, मावशी गोठ्यात होती. उंतामो टेबलापाशी बाकावर बसला आणि त्याने सुजलेला पाय स्टुलावर ठेवला. इर्मेलीने कॉफी ठेवली. थोडी पूड ओट्यावर सांडली. खिडकीबाहेर कुरण, कुरणापलीकडे झाडांची काळी भिंत. ठोके बंद झाले होते.

ते बंद कधी झाले, हे तिला आठवेना.

"उंतामो," ती पाठमोरीच म्हणाली. "काहीतरी बोल ना. मला चिडव."

"काय बोलू?"

"काहीही."

तो विचार करत असावा. कॉफी उकळली.

अंगणात खडी वाजली.

एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं ओढत. पायरीशी आल्यावर ते थांबलं. बुटाचा चिखल पायरीच्या कडेला खरवडल्याचा आवाज झाला, आधी एक बूट, मग दुसरा, उंतामो रोज खरवडायचा तसा. मग दाराबाहेर कोणीतरी धापा टाकत उभं राहिलं.

इर्मेली दारापाशी गेली. तिचा एक हात कडीवर होता. कडी घालायची की दार उघडायचं, ते तिला कळत नव्हतं. तिने मान वळवून टेबलाकडे पाहिलं.

उंतामोने वर पाहिलं नाही. तो बाकावर जरा आत सरकला आणि त्याने आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.